माइकसमोर उभं राहण्याआधी

मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं. कोण, कुठं, कशासाठी हे सगळं सांगून झाल्यावर काय घडलं ते आपण सांगतो. नामाचा अर्थही बऱ्याचदा त्याच्या शेपटीला असतो: घरात, घराला, घरापासून. बोलताना याचा त्रास होत नाही, कारण थांबायचं कधी ते आपल्या हातात असतं. रॅपमध्ये ते बीटच्या हातात जातं. ओळ संपत येते तसा श्वासही संपत येतो, आणि ज्या दोन शब्दांवर अर्थ उभा असतो नेमके तेच गिळले जातात.

नव्यानं रॅप करणाऱ्या मुलामुलींची घरी केलेली रेकॉर्डिंग ऐकताना हा दोष मला वारंवार ऐकू येतो. लिखाण चोख असतं, बीट दणकट असतो, ओळीची सुरुवात तडाखेबंद होते आणि शेवट मात्र बीटखाली दबतो. यावर बहुतेकांना सुचणारा पहिला उपाय म्हणजे महागडा माइक. पण महागडा माइक गिळलेला शब्द परत आणत नाही. उलट तो गिळल्याचं अधिक स्पष्ट ऐकवतो.

मुंबईनं याचं उत्तर दहाएक वर्षांपूर्वीच दिलं आहे. २०१४ साली कुर्ल्याच्या नेझी या रॅपरनं ‘आफत’ हे गाणं आयपॅडवर रेकॉर्ड केलं. मोठा स्टुडिओ नव्हता, भारी यंत्रणा नव्हती. तरी गाणं तोंडोतोंडी पसरलं, कारण त्यातला प्रत्येक शब्द जागच्या जागी पडत होता. पुढच्याच वर्षी रॅपर डिव्हाइनबरोबरचं ‘मेरे गली में’ आलं, आणि २०१९ मध्ये या दोघांच्या आयुष्यांवरून प्रेरणा घेतलेला ‘गली बॉय’ पडद्यावर आला. सुरुवात कुठल्या यंत्रावर झाली हे आज कुणाच्या लक्षातही नसतं.

म्हणून आधी श्वासाचा हिशेब. जुन्या धाटणीच्या रॅपचा बीट साधारण मिनिटाला ९० ठोक्यांचा धरू. एका बारमध्ये चार ठोके, म्हणजे एक बार सुमारे २.६७ सेकंदांचा. सोळा बारचं एक कडवं ४३ सेकंदांच्या आसपास संपतं. प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले तर एका बारमध्ये १६ घरं मिळतात आणि एकेका घराला जेमतेम सेकंदाचा सहावा हिस्सा. आता उदाहरणासाठी रचलेल्या या दोन ओळी बघा:

भल्या पहाटे फलाटावरून भरली गाडी सुटते,
खांद्याला खांदा घासत उभ्या-उभ्या झोप तुटते.

उच्चारात मोजली तर पहिल्या ओळीत सोळा अक्षरं भरतात. सोळा घरं, सोळा अक्षरं. कागदावर हे देखणं दिसतं आणि तोंडात फसतं, कारण श्वास घ्यायला एकही घर रिकामं नाही. दुसऱ्या ओळीत चौदा अक्षरं आहेत. दोन घरं मोकळी राहतात, म्हणजे सेकंदाचा एक तृतीयांश. तोंडानं झटकन हवा आत ओढायला तेवढं पुरतं. आता पहिल्या ओळीतलं ‘भल्या’ काढून टाका. ‘पहाटे फलाटावरून भरली गाडी सुटते’, झाली चौदा अक्षरं. अर्थाला धक्का लागला नाही, ‘सुटते’ पूर्ण ऐकू आलं आणि पुढच्या ओळीला ताजा श्वास मिळाला.

ही काटछाट वहीतच करायची असते. लिहिताना जिथं श्वास घ्यायचा तिथं पेन्सिलीनं बारीक रेघ मारावी आणि प्रत्येक वेळी त्याच रेघेवर श्वास घ्यावा. ज्याच्या रेघा ठरलेल्या नाहीत त्याचा प्रत्येक टेक वेगळा येतो, मग चांगले तुकडे निवडून जोडायची वेळ आली की काहीच जुळत नाही. श्वास घ्यायचा तो खांदे न उचलता, पोट आणि खालच्या बरगड्या फुगवून. खांदे वर गेले की गळा आवळतो. सरावासाठी श्वास भरून घ्यावा आणि दातांतून ‘स्स्’ असा एकसारखा आवाज २० ते ३० सेकंद सोडावा. तो शेवटी थरथरला तर समजावं की ओळीचा शेवटही तसाच थरथरतो आहे.

श्वासाची ही शिस्त रॅपमध्ये जुनीच आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमध्ये वाढलेला रॅपर रकीम लहानपणापासून सॅक्सोफोन वाजवायचा आणि जॉन कोल्ट्रेनच्या वादनाचा आपल्या शब्दफेकीवर प्रभाव आहे असं तो सांगत आला आहे. १९८७ च्या ‘पेड इन फुल’ या अल्बममध्ये ते ऐकू येतं. त्याच्या आधीचे बरेच रॅपर ओरडत होते आणि ओळीच्या शेवटी ठरावीक यमक ठोकत होते. रकीम जवळजवळ बोलण्याच्या पट्टीत, शांतपणे, ओळीच्या मधोमधही यमकं पेरत गेला. फुंकून वाजवायच्या वाद्यात श्वासाची जागा आधी ठरवावीच लागते, आणि तीच शिस्त त्यानं शब्दांना लावली.

आपल्याकडे ही शिस्त शाहिरांनी पाळली आहे. पोवाड्यात शाहिराची ओळ संपते न संपते तोच मागचे झीलकरी ‘जी जी’ उचलतात. श्रोत्यांना तो जोश वाटतो, आणि असतोही. पण त्याच क्षणात शाहीर छाती भरून घेतो. रॅपमध्ये हेच काम हाइपमॅन करतो. ‘पब्लिक एनेमी’ या गटातला फ्लेवर फ्लेव्ह त्यासाठी जगभर ओळखला जातो. एकट्यानं रेकॉर्ड करणाऱ्यालाही ही सोय आहे. ओळीच्या शेवटचा शब्द किंवा छोटा हुंकार वेगळ्या ट्रॅकवर टाकता येतो, त्याला अ‍ॅडलिब म्हणतात. मुख्य आवाजाला मोकळी जागा मिळते आणि गाणंही भरलेलं वाटतं.

मात्र शाहिराची एक सवय माइकसमोर सोडावी लागते. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांनी उघड्या मैदानांवर, कामगारांच्या अफाट सभांसमोर आवाज फेकला. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर तसा फेकलाच पाहिजे. माइक मात्र वीतभर अंतरावर असतो. त्याला शेवटच्या रांगेसारखं संबोधलं तर आवाज मोठा येतो पण सपाट येतो, त्यातले चढउतार नाहीसे होतात. आवेश हवा, पण तो शब्दाच्या धारेत हवा. सगळ्या सोळा बारमध्ये ओरडणाऱ्याकडे तेराव्या बारमधली खरोखर संतापाची ओळ आली की वर जायला जागाच उरत नाही.

वेगाबद्दलही थोडं. एमिनेमच्या २०१३ च्या ‘रॅप गॉड’मध्ये ६ मिनिटं ४ सेकंदांत १५६० शब्द आहेत, आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. सरासरी सेकंदाला चार शब्दांहून थोडं जास्त. हे ऐकून अनेक जण वेगाच्या मागे लागतात. पण त्या गाण्यातली व्यंजनं कातरून काढल्यासारखी सुटी ऐकू येतात, हे त्यातलं शिकण्यासारखं. अवघड ओळ आधी मिनिटाला ६० ठोक्यांवर बसवावी, स्वच्छ आली की पाच-पाच ठोक्यांनी वाढवत न्यावी. आणखी एक अडचण खास आपली आहे. इंग्रजी शब्दात एका अवयवावर ठरलेला जोर असतो आणि इंग्रजी रॅपर तो जोर ठोक्यावर आणून बसवतो. मराठीत तसा जोर फारसा नाही. आपल्याकडे वजन येतं ते लघु-गुरूनं. दीर्घ स्वर आणि जोडाक्षराआधीचं अक्षर जड लागतं. इंग्रजी गाण्याचा फ्लो, म्हणजे शब्द बीटवर बसवायची चाल, जसाच्या तसा उचलून मराठी शब्द त्यात कोंबले की ऱ्हस्व अक्षर ताणलं जातं, दीर्घ अक्षर चिरडतं, आणि ऐकणाऱ्याला काय खटकलं ते न कळताही खटकतं. शाळेत मात्रा मोजायला शिकवतात, ते इथं अक्षरशः उपयोगी पडतं. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या गटातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो. आरेच्या जंगलावरचं २०१९ चं ‘द वारली रिव्होल्ट’ जरूर ऐकावं. तिथं फ्लो मराठीच्या चालीनं चालतो.

आता ओठांकडे येऊ. कागदाची एक अरुंद पट्टी ओठांसमोर चार बोटांवर धरा आणि ‘ब’ म्हणा. पट्टी किंचित हलेल. ‘भ’ म्हणा, ती उडेल. ‘प’ आणि ‘फ’ म्हणून बघा, तोच फरक. मराठीत महाप्राण व्यंजनांची रेलचेल आहे, आणि त्यातली ओठांनी उच्चारायची व्यंजनं हवेचा झोत थेट समोर सोडतात. हा झोत माइकच्या पातळ पडद्यावर आदळला की ‘धप्प’ असा आवाज येतो आणि तो नंतर पुरता काढता येत नाही. वरच्या पहिल्याच ओळीत भल्या, फलाटावरून, भरली असे तीन धपके दबा धरून बसले आहेत. यावर मऊ, सच्छिद्र कापडाची जाळी, म्हणजे पॉप फिल्टर, माइकपासून चार बोटं पुढं लावतात. त्याहून साधा उपाय म्हणजे माइक तोंडाच्या रेषेतून जरा बाजूला घ्यायचा आणि तिरका करून ओठांकडे वळवायचा. आवाज सगळीकडे पसरतो, झोत मात्र सरळ जातो; त्यामुळे शब्द माइकला मिळतात आणि वारा बाजूनं निघून जातो.

दुसरी अडचण शिट्टीची. ‘स’ आणि ‘श’ सगळ्यांनाच त्रास देतात, पण आपल्याकडे ‘चाळ’, ‘चौक’, ‘चोर’ यांतला दंत्य ‘च’ही सुरुवातीला सणसणतो. हा सणसणाट साधारण ५ ते ८ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. डी-एसर नावाचं साधन नेमका तेवढाच पट्टा क्षणभर दाबतं. त्याचा मारा जास्त झाला की बोबडं बोलल्यासारखं ऐकू येतं, म्हणून आधी माइक थोडा तिरका करून बघावा आणि उरलेलंच डी-एसरवर सोडावं.

उच्चार सुधारायला नाटकवाल्यांची जुनी युक्ती अजून चालते. दातांत पेन आडवं धरून संपूर्ण कडवं सावकाश म्हणायचं, मग पेन काढून पुन्हा म्हणायचं. जीभ आणि ओठ जास्त मेहनत करायला शिकलेले असतात. कान्ये वेस्टच्या जबड्याला २००२ च्या ऑक्टोबरमध्ये मोटार अपघातात जबर मार बसला. जबडा तारेनं बांधलेला असतानाच त्यानं ‘थ्रू द वायर’ रेकॉर्ड केलं. शब्द जड येतात, तरीही ओळी कळतात. जबडा जवळजवळ बंद असूनही इतकं साधतं, यावरून जीभ आणि ओठ किती काम करू शकतात याचा अंदाज यावा.

माइकपासूनच्या अंतराचा हिशेब एकदा समजून घेतला की आयुष्यभर पुरतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. तोंड माइकपासून ५ सेंटिमीटरवर असेल आणि मान डोलवताना आणखी ५ सेंटिमीटर मागे गेलं तर अंतर दुप्पट होतं. शब्द लगेच खाली जातो. तेच तोंड २० सेंटिमीटरवर असेल तर तितक्याच डोलण्यानं जेमतेम २ डेसिबलचा फरक पडतो. शिवाय रेकॉर्डिंगचे बहुतेक माइक समोरून ऐकणारे असतात. त्यांच्या अगदी जवळ गेलं की खर्ज फुगतो आणि शब्द घुमतात. १५ ते २० सेंटिमीटर, म्हणजे आपली एक वीत, हे सुरुवातीला योग्य अंतर. एखादी ओळ कुजबुजल्यासारखी हवी असेल तर मुद्दाम जवळ जावं. पण ते ठरवून.

स्टेजवर माइकची जाळी मुठीत पकडायची सवय अनेकांना असते. दिसायला रुबाबदार वाटतं. पण समोरच्या दिशेनं ऐकणाऱ्या माइकला मागच्या बाजूनं येणारा आवाज गाळण्यासाठी जाळीच्या मागं, कडेला छिद्रं ठेवलेली असतात. ती मुठीनं बुजली की माइक सगळीकडचं ऐकू लागतो, शब्द गढूळ होतात आणि स्पीकर किंचाळतो.

कुठला माइक घ्यावा यावर फार वेळ घालवू नये. शूअरचा एसएम ५८ बाजारात १९६६ पासून आहे आणि अजून टिकून आहे. त्याच कंपनीच्या १९७३ च्या एसएम ७ वर ‘थ्रिलर’साठी मायकल जॅक्सनचा आवाज घेतला गेला. खोली गोंगाटाची असेल तर अशा डायनॅमिक जातीचा माइक सोयीचा, कारण तो दूरचं कमी पकडतो. कंडेन्सर जातीचा माइक बारीक तपशील सुंदर पकडतो. शेजारच्या घरातली कुकरची शिट्टीही तितक्याच सुंदरपणे.

खोलीच्या बाबतीत एक समजूत जवळपास सगळीकडे उलटी आढळते. लोक माइकच्या मागच्या भिंतीवर फोम चिकटवतात. माइक ऐकतो कुठलं? समोरचं, म्हणजे रॅप करणारा आणि त्याच्या पाठीमागची भिंत. शब्द समोरच्या भिंतीवरूनही परततो, पण पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज थेट माइकच्या तोंडात येतो. भिंत एक मीटरवर असेल तर तो साधारण ६ मिलिसेकंदांनी उशिरा पोचतो. वेगळा प्रतिध्वनी म्हणून तो ऐकू येत नाही, मूळ शब्दात मिसळतो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो. म्हणून जाड गोधडी किंवा गादी आपल्या पाठीमागं उभी करावी, दोन्ही बाजूंनाही मिळाली तर उत्तम. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीशी घेऊन उभं राहणं ही चाळीच्या किंवा फ्लॅटच्या खोलीत मिळणारी सगळ्यात चांगली आणि फुकटची सोय आहे. पंखा बंद ठेवावा. उकडतं, पण तेवढं सोसावं.

हेडफोनकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, आणि माझ्या मते अर्धा गोंधळ तिथंच होतो. एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की भोवती गोंगाट असला की माणूस आपोआप, नकळत आवाज चढवतो. आज त्याला लोंबार परिणाम म्हणतात. कानात बीट मोठा लावला की अगदी हेच घडतं. बीट हा त्या क्षणी गोंगाट ठरतो. रॅपर ओरडू लागतो, गळा ताणतो, पट्टी वर सरकते, आणि त्याला वाटतं आपण जोशात आहोत. उलट कानात स्वतःचाच आवाज फार मोठा असेल तर माणूस हात आखडतो आणि पुटपुटतो. म्हणून बीट आपल्याला वाटतो त्यापेक्षा थोडा कमी ठेवावा, स्वतःचा आवाज बीटच्या जरा वर. फार ओरडलं जात असेल तर स्वतःच्या आवाजाचं बटण वाढवावं, ऊर्जा कमी पडत असेल तर ते कमी करावं. माणसाला ‘जोर लाव’ म्हणण्यापेक्षा हे बटण जास्त काम करतं. एका कानावरचं हेडफोन अर्धवट सरकवलं तरी स्वतःचा खरा आवाज मिळतो. फक्त ती सरकवलेली वाटी मोकळी ठेवू नये, डोक्याला दाबून धरावी, नाहीतर तिच्यातला बीट माइकमध्ये शिरतो. ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगला कधीही वापरू नयेत. त्यातला आवाज इतका उशिरा कानी येतो की स्वतःच्याच शब्दाशी झटापट सुरू होते.

रेकॉर्डिंगची पातळी ठरवताना सर्वांत जोरकस ओळ म्हणून बघावी आणि ती उणे १० डेसिबलच्या आसपास पोचेल असं गेन लावावं. शून्यावर गेलेला आवाज फाटतो आणि फाटलेला शिवता येत नाही. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर हळू आवाज नंतर सहज वाढवता येतो, त्यामुळे काटा लाल रेषेजवळ नेण्याचं काहीच कारण नाही.

टेक कसे घ्यावेत? हल्ली ओळ-ओळ तोडून, पंच मारत रेकॉर्ड करण्याची पद्धत रूढ आहे. वेग फार असेल तर तिचा आसराही घ्यावा लागतो. पण सुरुवात तिथून करू नये. प्रत्येक ओळ ताज्या श्वासानं म्हटली की सगळ्या ओळी सारख्याच उंचीच्या होतात, कडव्याला चढण राहत नाही, आणि स्टेजवर तेच गाणं सलग म्हणता येत नाही. आधी सोळाच्या सोळा बार सलग म्हणून तीन-चार पूर्ण टेक घ्यावेत. त्यातला सर्वांत जिवंत टेक पाया म्हणून ठेवावा आणि फक्त घसरलेल्या जागा दुसऱ्या टेकमधून भराव्यात. तुकडा जोडताना श्वासाच्या रेघेवर जोडावा, मग सांधा कळत नाही. मधले श्वास सगळे पुसून टाकू नयेत. फार मोठे झालेले हळू करावेत, एवढंच.

मुख्य टेक पक्का झाला की डबलिंग, म्हणजे त्याच ओळी पुन्हा म्हणून वर चढवणं. टुपाक शकूरचा आवाज ज्या दाट, भारदस्त स्वरूपात ऐकू येतो त्यामागं हेच आहे. तो आपली कडवी दोनदा-तीनदा म्हणून एकावर एक रचत असे. १९९६ च्या ‘ऑल आइज ऑन मी’मध्ये कान देऊन ऐकलं की एकाच शब्दाच्या बारीक सरकलेल्या कडा सापडतात. इथंही ठरलेले श्वास कामी येतात, कारण दोन टेकमध्ये वेळ जुळला नाही तर शब्द दाट होण्याऐवजी पसरतो. संपूर्ण कडवं दुहेरी करण्यापेक्षा ओळीचे शेवट तेवढे दुहेरी करावेत, असा माझा आग्रह आहे. मराठीत क्रियापद तिथंच असतं, आणि आधार त्यालाच हवा असतो. दुहेरी ट्रॅक मुख्य आवाजापेक्षा निम्म्यानं हळू ठेवावा. त्यातले ‘स’ आणि ‘च’ मुद्दाम मऊ म्हणावेत, म्हणजे शिट्ट्या दोनदा वाजत नाहीत.

मिक्सिंगचा विषय स्वतंत्र पुस्तकाचा आहे. घरच्या घरी करण्याजोगं इतकंच: ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाकावं, तिथं रॅपचा आवाज नसतो, रस्त्याचा घरघराट असतो. कॉम्प्रेसर ३:१ किंवा ४:१ वर ठेवून मोठे आणि हळू शब्द जवळ आणावेत. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, अगदी थोडा, कारण तो जास्त झाला की व्यंजनं एकमेकांत मिसळतात. मग गाणं मोबाइलच्या उघड्या स्पीकरवर, हळू आवाजात लावावं आणि ज्यानं बोल वाचलेले नाहीत अशा माणसाला ऐकवावं. त्याला प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द कागदावर लिहायला सांगावं. जिथं तो अडला त्या ओळींखाली रेघ मारावी, त्यातला एखादा शब्द कमी करावा आणि तेवढ्याच ओळींचे टेक पुन्हा घ्यावेत.